इजिप्तच्या बाजूचा मेट

शालिकराम कापगतेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भांडत होता, आणि भांडत होता तो इजिप्तसाठी. साकोलीकडच्या एका खेड्यातला माणूस, अंगात बंडी, पायात टायरच्या चपला, आणि कॅम्प-१ मधल्या बाबुलालच्या हॉटेलात बाकावर मूठ आपटून सांगत होता की सुएझ कालवा इजिप्तचाच आहे, कोणाच्या बापाचा नाही. समोर इंग्रज कोणी बसलेला नव्हता. समोर होतो आम्ही, चहा पिणारे आठ-दहा दरिद्री, ज्यांना इजिप्त आपल्या पूर्वेला की पश्चिमेला हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

साल १९५६. मी भिलाईच्या सायडिंगवर मालबाबू होतो. घर नागपूरचं, नोकरी रेल्वेची. कारखाना म्हणजे अजून नुसते खड्डे, धूळ आणि पाट्या. यंत्रं रशियातून यायची. ओडेसा बंदरातून जहाज निघायचं, सुएझ कालव्यातून इकडं यायचं, विशाखापट्टणला माल उतरायचा आणि तिथून वॅगनींनी आमच्या सायडिंगवर. वॅगनी ताब्यात घेणं माझं काम, आणि त्यातली घराएवढी खोकी खाली उतरवणं शालिकरामच्या टोळीचं. टोळी एका ठेकेदाराची. शालिकराम तिचा मेट, म्हणजे टोळीचा म्होरक्या. माणसं सगळी त्याच्याच मुलखातली, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सोडून लोखंडाच्या आशेनं आलेली.

नागपूरहून येणारं शिळं वर्तमानपत्र मी हॉटेलात मोठ्यानं वाचायचो. चहा फुकट मिळायचा. इजिप्तनं इंग्रज-फ्रेंचांच्या कंपनीकडून कालवा काढून घेतला ही बातमी मीच वाचली, आणि वर शहाणपणा केला की ज्यांनी पैसा घातला त्यांच्याकडून असं हिसकावून घेणं काही बरं नव्हे. तेव्हा हा उठला.

"बाबू, मले एक सांगा. थो पाट कोनाच्या वावरातून जाते?"

"इजिप्तच्या."

"अन् खंदला कोनं?"

"तिथल्याच मजुरांनी. खोदता खोदता हजारो मेले म्हणतात."

"मंग पैसेवाल्याचं तेथं काय रायलं? इतकी वर्सं खाल्लं ना त्यानं? आता ऊठ म्हना."

मला हसू आलं. पण त्याला हसू येत नव्हतं. एवढा राग इजिप्तसाठी कशाला, हे मला पुढं कळलं.

हा माणूस गावचा पाणकर होता. त्याच्या मुलखात मालगुजारांनी, म्हणजे तिकडच्या जमीनदारांनी, बांधलेले मोठाले तलाव आहेत, त्यांच्यावर धान पिकतो. तलावाच्या मोरीत, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडात, लाकडी खुंटा असतो. तो कधी काढायचा, कधी ठोकायचा, कोणाच्या बांधीत पाणी आधी सोडायचं, हे पाणकर ठरवतो. शालिकरामच्या घरात हे काम पणज्यापासून होतं, आणि त्याचे रिवाज तो देवाच्या जागी मानायचा. पाणी कमी असलं तर पाटाच्या पार टोकाच्या बांधीला आधी द्यायचं, कारण मोरीजवळचा कसाही झिरपून भिजतो. पाणकराची स्वतःची बांधी सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे त्याच्या न्यायावर कोणी बोट ठेवायला नको. आणि भांडण लागलं तर सरळ खुंटा ठोकायचा, मिटेपर्यंत कोणालाच थेंब नाही.

सरकारनं मालगुजारी मोडली तेव्हा गावानं गुलाल उधळला. शालिकरामला वाटलं, आता रिवाज मोडणारा कोणी उरला नाही. दोन हंगाम गेले नाहीत तोच मोरीजवळच्या पाच मोठ्या शेतकऱ्यांनी तलाव आपसात वाटून घेतला. टोकाच्या बांध्या करपल्या. यानं खुंटा ठोकला, तर त्यांनी तोच खुंटा उपसून त्याच्या डाव्या हातावर घातला. हात वाकडा जुळला तो जुळलाच. मारणाऱ्यांत त्याचा सख्खा चुलतभाऊ होता. मालगुजारानं सगळ्या जन्मात आपल्या अंगाला बोट लावलं नव्हतं, हे शालिकराम स्वतः सांगायचा, आणि तरी मालगुजार गेला ते बेसच झालं, असंही त्याच दमात म्हणायचा. अशा माणसाशी काय बोलायचं?

भिलाईला तो आला तो तीन जिवांसह. बायको पंचफुला, चार वर्षांची मुलगी हिरा, आणि धाकटा भाऊ देवीदास. आईबाप लवकर गेले म्हणून देवीदासला यानंच वाढवलेलं. हिराला तलावाकडच्या गावातला ताप होता, थंडी वाजून यायचा, आठवड्यातून दोनदा. पोटात डाव्या अंगाला पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, हात लावला की दगडासारखी लागायची. पोरगी हसरी होती, पण पोट पुढं काढून चालायची, आणि कॅम्पातली पोरं तिला मटकी म्हणायची. कारखान्याच्या पक्क्या नोकरांसाठी दवाखाना सुरू झाला होता. डॉक्टर, औषध, खाट, सगळं घरच्यांनाही फुकट. ठेकेदाराच्या माणसाला त्यातलं काही नाही. म्हणून पंचफुलाला एकच ध्यास होता, नवऱ्याची नोकरी पक्की व्हावी आणि हिराला त्या खाटेवर निजवावं. शालिकरामलाही तोच होता. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की या माणसाला पोरीची माया नव्हती.

ऑक्टोबर सरता सरता इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायल इजिप्तवर तुटून पडले. त्याच आठवड्यात आपल्याकडं राज्यं नव्यानं पाडली. साकोलीचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, भिलाईचा दुर्ग मध्यप्रदेशात राहिला, आणि शालिकरामची टोळी जागची न हलता परमुलखातली झाली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना बातमी हवी होती कालव्याची. मी वाचलं की इजिप्तनं आपलीच जहाजं कालव्यात बुडवून तो बंद केला आहे. शालिकराम बाकावरून उठूनच उभा राहिला.

"खुंटा ठोकला! बाबू, त्यायनं खुंटा ठोकला! आता ना तुले ना मले. अस्संच पायजे!"

बाबुलाल भट्टीमागून म्हणाला, "अबे मेट, खुंटा तिकडं ठोकला, अन् चूल इकडं तुही बंद पडन ना."

"पडू दे. आमी उपाशी राहू, पन थो इंग्रज तं उठंन."

टोळीतल्या माणसांनी माना डोलावल्या. मेट बोलला की त्यांना पटायचंच. देवीदास मात्र कोपऱ्यात नखं कुरतडत बसला होता.

चूल खरंच बंद पडली. ओडेसाची जहाजं आता आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, आणि येऊ लागली म्हणजे येईनात. सायडिंग ओस पडलं. मी दिवसभर रिकाम्या रुळांकडं बघत बसायचो आणि महिन्याचा पगार घ्यायचो. टोळीची हजेरी बंद झाली. ठेकेदारानं सांगितलं, माल येईल तेव्हा या. दुसरी टोळी असती तर पांगली असती. कोणी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत गेलं असतं, कोणी गावाला परतलं असतं. शालिकरामनं पांगू दिली नाही. यांना पुन्हा कोण एकत्र आणणार, म्हणाला. मग त्यानं सगळ्यांची चूल एक केली. पंचफुलाचे चांदीचे गोठ आधी गेले, मग तिचं पितळेचं गुंड. ती रोज मोठ्या गंजात कण्या शिजवायची. आणि वाढायचं कसं, तर रिवाजानं. टोळीत सगळ्यात शेवटी आलेला दौलत नावाचा एक खोकणारा, हडकुळा माणूस होता, त्याला आधी. मग बाकीचे. मग देवीदास. मेटाच्या घरची माणसं शेवटी.

मी एकदा जेवणाच्या वेळी तिथं गेलो होतो. हिरा हातात जर्मनची ताटली धरून उभी होती आणि एकेकाच्या ताटाकडं पाहत होती. गंज तिच्यापर्यंत आला तेव्हा पंचफुला पळीनं तळ खरवडत होती. शालिकराम पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "माही पोरगी शहानी हाय. रडत नाइ." ती खरंच रडली नाही. मला तिथून उठून जावंसं वाटलं, आणि मी उठून गेलोच.

डिसेंबरात इंग्रज आणि फ्रेंच कालव्यावरून उठले. हॉटेलात साखर वाटायची वेळ आली होती, पण साखर नव्हती. मी त्यांना नीट समजावून सांगितलं. म्हटलं, इंग्रजाला एकट्या इजिप्तनं नाही उठवलं. अमेरिकेनं डोळे वटारले, रशियानं दम दिला, तेव्हा म्हातारा उठला. आता त्याचा जगात कुठं रुबाब राहणार नाही, आफ्रिकेतले लोकही त्याला जा म्हणतील. पण त्या बाजूच्या मुलखात आता चालेल ते या दोन नव्या दांडग्यांचं, आणि त्यांच्या खालोखाल इजिप्तचं. शेजारच्या लहानसहान लोकांनी आता कैरोकडं बघून श्वास घ्यायचा.

शालिकराम म्हणाला, "घेऊ दे. जवळचा असला तं त्याले बोलता तरी येते. आपलाच मानूस राह्यते थो."

वाकडा हात मांडीवर ठेवून तो हे म्हणाला. मी त्या हाताकडं पाहिलं, पण त्यानं नाही पाहिलं.

एप्रिलमध्ये बुडवलेली जहाजं काढून कालवा मोकळा झाला, आणि मे महिन्यात माझ्या सायडिंगवर वॅगनींची रांग लागली. टोळी सुकलेली, डोळे खोल गेलेले, पण पुन्हा उभी राहिली. त्यातच निरोप आला. मोठ्या क्रेन उभ्या करायला कारखान्याला पक्के खलासी पाहिजेत, प्रत्येक मेटानं आपली माणसं सकाळी गेटावर ओळीनं उभी करावी, साहेब पुढून घेत जाईल. किती घेणार ते कोणाला माहीत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या झोपडीशी होतो. हिराला ताप भरला होता, ती गोधडीत दात वाजवत पडली होती. पंचफुला नवऱ्यापुढं हात जोडून बसली.

"तुमच्या पाया पडतो मी. उद्या तुमी समोर उभे राहा. मेट हा ना तुमी? मेटानं समोर उभं नाइ राह्यचं तं कोनं राह्यचं?"

"सारी टोळी माह्या भरोशावर हाय. मी समोर उभा रायलो तं काय म्हनतीन?"

"म्हनू द्या ना!"

तेव्हा देवीदास मधे पडला. "वहिनी, मले भेटली काय अन् दादाले भेटली काय, एकच हाय. मी आहो ना मधात. भेटल्या दिवशी हिराले खांद्यावर बसवून दवाखान्यात नेतो."

शालिकरामचा चेहरा उजळला. भावाच्या बांधीत गेलेलं पाणी आपल्याच बांधीत गेलं, असं त्यानं बायकोला समजावलं. पंचफुलानं पोरीच्या अंगावर आणखी एक लुगडं टाकलं.

सकाळी मी गेटावर मुद्दाम गेलो. इतर मेट छाती काढून आपापल्या ओळीच्या पुढं उभे होते. शालिकरामच्या ओळीत पहिला दौलत, खोकला दाबत. त्याच्या मागं म्हातारे, मग लेकुरवाळे, मधे देवीदास, त्याच्यामागं एक-दोन जण, मग दोन दांडगे गडी, जे कुठंही खपले असते, आणि सगळ्यांच्या मागं मेट. साहेब आला. त्यानं दौलतचा दंड दाबून पाहिला, नाक मुरडलं, पण घेतला. पुढं पुढं घेत गेला. देवीदासला घेतलं. त्याच्या मागचे आणखी एक-दोन घेतले आणि हात आडवा केला.

"बस. इधर तक."

दोन दांडगे आणि शालिकराम राहिले. साहेबाच्या बाबूनं विचारलं, "इस टोली का मेट कौन है?" शालिकरामनं हात वर केला, आणि नकळत डावा केला. वाकडा.

साहेब हसला. "मेट होके सबसे पीछे? काम से डरता है क्या?"

सगळे हसले. साहेब हसल्यावर हसावंच लागतं. दौलत हसला, देवीदाससुद्धा हसला, तोंडावर हात ठेवून. त्यांच्यापैकी एकानं म्हणायचं होतं की साहेब, हा माणूस असा का उभा आहे ते ऐकून घ्या. सहा महिने याच्या चुलीवर जगलो, एवढं तरी म्हणायचं होतं. पण नुकतीच पक्की झालेली नोकरी माणसाच्या जिभेवर बसते. गेट उघडलं, घेतलेली माणसं आत गेली, आणि शालिकराम त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत समाधानानं पाहत उभा राहिला. समाधानानं! मी त्याच्या जवळ जाऊन पाहिलं, म्हणून सांगतो.

दोघे दांडगे गडी आठवड्याच्या आत नंदिनीला लागले. शालिकरामला टोळीच उरली नव्हती, आणि टोळी नसलेला मेट ठेकेदाराला कशाला हवा? वाकड्या हातानं खोकी उतरवता येईनात. तो नाल्या खोदायला लागला, रोजच्या हजेरीवर, कधी मिळाली तर. दौलतनं सायकल घेतली. खोकला गेला, अंग भरलं. शालिकराम रस्त्याकडेला खोदत असला की दौलत दुसरीकडं बघत घंटी वाजवून जायचा. नमस्कार केला तर काही द्यावं लागेल, अशी त्याला भीती असावी. शालिकरामनं कधी कोणाकडं काही मागितलं नव्हतं, पण ज्याचं खाल्लं तो माणूस डोळ्यासमोर नको असतो.

देवीदासला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, नळ, विजेचा दिवा. भेटल्या दिवशी खांद्यावर बसवून नेणार होता, तो आज नेतो उद्या नेतो करत राहिला. आधी म्हणे कायम व्हायला वेळ आहे. मग त्याचं लग्न ठरलं. पोरीचं नाव नलू, गोंदियाची. लग्नाच्या पंगतीत शालिकराम वाढत होता.

पुढच्या पावसाळ्यात हिराचं पोट भयंकर वाढलं. डोळे पिवळे, ओठ पांढरे. दुर्गच्या सरकारी डॉक्टरांनी चांगलं तपासलं आणि खरं ते सांगितलं. गोळ्यांचं काम आता राहिलं नाही, रक्त द्यावं लागेल, एक तर नागपूरला न्या नाही तर कारखान्याच्या दवाखान्यात कोणाच्या तरी नावावर भरती करा. नागपूरच्या प्रवासात पोरगी टिकेल असं त्यांना वाटत नव्हतं. शालिकराम माझ्याकडं आला. म्हणाला, "बाबू, तुमी चाला माह्यासंगं. देवीदासपाशी दोन शब्द टाका. तुमी शिकेल मानूस."

आम्ही क्वार्टरवर गेलो. नलूनं स्टीलच्या कपबशीत मला चहा दिला, शालिकरामला पितळी पेल्यात. मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, देवीदास, हिराला तुझी मुलगी म्हणून दाखव आणि आजच्या आज भरती कर.

देवीदासनं कपाळाला आठी घातली. "बाबू, लगनाले वरीस नाइ झालं. सहा वर्साची पोरगी मी कोठून आनू? डॉक्टर हासन मले."

"दौलतनं बहिणीचा मुलगा आपला म्हणून दाखवला. कोणी हसलं नाही."

"दौलतचं दौलत पाह्यन. मले चार्जमन व्हायचं हाय. खोटं सापडलं तं नोकरी जाते."

आतून नलूचा आवाज आला, "त्यायले सांगा, एकाले केलं का उद्या सारं गाव येऊन बसन दारात."

मी भडकलो. म्हटलं, या नोकरीत तू कसा शिरलास ते विसरलास का? तुझ्या भावानं तुला पुढं उभं केलं नसतं तर आज तू नाली खोदत असतास. देवीदासची मान खाली गेली नाही. तो शांतपणे म्हणाला, "मी कोठं म्हनलं होतं त्याले, मांगं उभा राह्य म्हनून? थ्याच्या मनानं रायला थो."

मी शालिकरामकडं पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा उठेल, बाकावर मूठ आपटेल, इजिप्तसाठी आपटली तशी. तो पेला खाली ठेवून उठला आणि भावाला म्हणाला, "नेम हाय तं नेम हाय बाप्पा. तुही नोकरी नको जाऊ दे." दारातून बाहेर पडताना त्यानं नलूलाही "येतो माय" म्हटलं. रस्त्यानं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर त्याच्या कानाखाली वाजवली असती.

हिरा दुसऱ्या दिवशी उजाडताना गेली. मी पोचलो तेव्हा पंचफुला तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि रडत नव्हती. शालिकराम दाराशी उकिडवा बसला होता. माझ्याकडं पाहून, जणू मी काही विचारलंच होतं अशा आवाजात, तो म्हणाला, "बाबू, मी कोनाचं कधी खाल्लं नाइ. सोताले सारायच्या मांगं ठेवलं मी."

पंचफुलानं मान वर केली. इतक्या दिवसांत तिला नवऱ्यापुढं आवाज चढवताना मी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही तिनं चढवला नाही.

"तुमी सोताले मांगं ठेवलं म्हन्ता. तुमच्याही मांगं कोन उभं होतं, पाह्यलं काय कधी वळून?"

शालिकरामनं मोडका हात उजव्या हातात घट्ट धरला होता. मला त्याची दया आली नाही, त्या वेळी नाही आली. मला त्या ताटली धरून उभ्या राहिलेल्या पोरीची दया येत होती, आणि ती येऊन काही उपयोग नव्हता.

लहान लेकरू, म्हणून पुरायचं होतं. कॅम्पामागच्या नाल्याकाठी खड्डा खणला. खणला शालिकरामनंच, नाल्या खोदून त्याचा हात बसला होता. पाऊस थांबला होता, पण चिखल होता. सकाळची पाळी सुटल्यावर टोळी आली. कोणी बोलावलं नव्हतं, पण सगळे आले, कारखान्याचे जाड बूट घालून, आणि चिखलात ओळीनं उभे राहिले. देवीदास आला, रुमालानं नाक पुसत. दौलतनं सायकल बाभळीला टेकवली.

पोरीला खाली ठेवलं. आता मूठमाती द्यायची. खड्ड्याजवळचे लोक थांबले, कोणी पुढं होईना. शालिकराम कुठं आहे म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. तो सगळ्या ओळीच्या मागं जाऊन उभा राहिला होता, मान खाली घालून, आपली पाळी येण्याची वाट पाहत.

दौलत खाकरला. गेटावरच्या त्या सकाळनंतर तो त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"मेट," तो म्हणाला, "आदी तुमी."

माणसं दोन्ही अंगांना सरकली, चिखलात मधून वाट झाली, आणि शालिकराम त्या वाटेनं सगळ्यांच्या पुढं गेला.